उंच दालनांतील हवेचे थर एनर्जीप्लसमध्ये कसे मांडावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाट्यगृह, अट्रियम (अनेक मजले उंच मोकळे दालन), विमानतळाचे दालन, उंच छताचे सभागृह, पत्र्याची मोठी शेड अशा जागांचे ऊर्जा-अनुकरण (उष्णता आणि विजेचा संगणकावरील हिशेब) करणारे अभियंते जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः एनर्जीप्लस या ऊर्जा-अनुकरणाच्या सॉफ्टवेअरच्या संदर्भात आहेत, कारण बहुतेक प्रश्न त्याविषयीच येतात. डिझाइनबिल्डरमध्ये काम करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील, कारण त्याच्या पोटात एनर्जीप्लसच चालते. इतर सॉफ्टवेअरविषयी प्रश्न १५ पाहावा.

१. हवेचे थर म्हणजे नेमके काय, आणि सॉफ्टवेअर ते आपोआप का धरत नाही?

गरम हवा हलकी असते, ती वर जाते आणि वरच राहते. खाली थंड, वर गरम अशी मांडणी स्थिर असते, आणि कोणी ढवळल्याशिवाय ती मोडत नाही. नाट्यगृहात खालच्या रांगेतला प्रेक्षक शाल पांघरून बसलेला असतो आणि त्याच वेळी बाल्कनीतला प्रेक्षक वारा घेत असतो, त्याचे कारण हेच आहे.

एनर्जीप्लस मुळात प्रत्येक झोनमधील (एकत्र हिशेबात धरलेल्या जागेतील) हवा पूर्ण मिसळलेली धरते. झोन अडीच मीटर उंच असो वा पंचवीस, त्याला एकच तापमान मिळते. यात निष्काळजीपणा नाही. वर्षाचे ८,७६० तास प्रत्येक तासाचे अनेक भाग करून सोडवायचे असतात, तेव्हा प्रत्येक झोनसाठी हवेचे एकच समीकरण ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग असतो, आणि नेहमीच्या कार्यालयांसाठी ते गृहीतक पुरेसे खरेही आहे. अडचण येते ती जेथे रचनाकाराने थर मुद्दाम निर्माण केलेले असतात, किंवा जेथे उंचीमुळे ते टाळता येत नाहीत, तेथे.

२. माझ्या इमारतीला थरांचे मॉडेल लागेल की नाही, हे कसे ठरवावे?

आधी हवा कोठून आणि किती वेगाने आत येते ते पाहावे, उंची त्यानंतर. छतातील डिफ्यूजरमधून (हवा सोडणाऱ्या जाळीतून) १२–१३ अंशांची हवा जोराने फेकली जात असेल, तर ती स्वतःच खोली ढवळते. साडेतीन–चार मीटरपर्यंतच्या अशा खोलीला मिश्र मॉडेल पुरते. भिंतीवरच्या स्प्लिट एसीचेही तसेच.

याउलट १७–१९ अंशांची हवा जमिनीलगत सावकाश सोडली जात असेल (म्हणजे डिस्प्लेसमेंट व्हेंटिलेशन असेल), फरशीखालून हवा येत असेल, किंवा दालन सहा–सात मीटरहून उंच असून त्याचा फक्त खालचा भाग थंड केला जात असेल, तर थर धरल्याशिवाय निकालाला अर्थ राहत नाही. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाच्या प्रचंड काचेच्या दालनांत फरशीतून थंड पाणी फिरवलेले आहे आणि हवा जमिनीलगत सोडली जाते. प्रवासी वावरतात तेवढाच थर थंड ठेवला जातो आणि छताखालची हवा तापू दिली जाते. अशा दालनाला एकच तापमान दिले तर त्यामागची सारी कल्पनाच मॉडेलमधून नाहीशी होते.

आणखी एक कसोटी अशी: थर धरल्याने तुमचा एखादा निर्णय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, म्हणजे चिलरचा, आकार, डिफ्यूजरची निवड, काचेचा प्रकार) बदलणार आहे का? बदलणार नसेल, तर साधे मॉडेल ठेवावे आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

३. एनर्जीप्लसमध्ये कोणते पर्याय उपलब्ध आहेत?

‘रूमएअर मॉडेल टाइप’ या ऑब्जेक्टमध्ये प्रत्येक झोनसाठी पर्याय निवडता येतो. काहीच न लिहिल्यास ‘मिक्सिंग’ धरले जाते. बाकीचे पर्याय असे (नोड म्हणजे जेथे हवेचे तापमान काढले जाते तो बिंदू): वापरकर्त्याने स्वतः दिलेला तापमानाचा आकृतिबंध, एक-नोड डिस्प्लेसमेंट मॉडेल, जे मुंट यांच्या नावाने ओळखले जाते, तीन-नोड डिस्प्लेसमेंट मॉडेल, जे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत तयार झाले, आरपार वाऱ्यासाठीचे मॉडेल, फरशीखालून येणाऱ्या हवेसाठी दोन, एक आतल्या झोनसाठी आणि एक बाहेरच्या भिंतीलगतच्या झोनसाठी, आणि शेवटी एअरफ्लो नेटवर्कवर (जागांमधून वाहणाऱ्या हवेच्या हिशेबावर) आधारलेले अनेक नोडचे मॉडेल.

वापरकर्त्याच्या आकृतिबंधात चार प्रकार आहेत: स्थिर उतार, दोन उतारांमधील बदल, उंचीनुसार टप्पे आणि पृष्ठभागानुसार थेट फरक. या गटात सॉफ्टवेअर थरांची भौतिकी सोडवत नाही, तुम्ही सांगितलेला आकार जसाच्या तसा लावते. त्यामुळे मोजमाप किंवा सीएफडी (हवेच्या प्रवाहाचे तपशीलवार संगणकीय गणित) हाती असेल तेव्हा हा पर्याय उत्तम. हाती काही नसेल, तर तो अंदाजाला दशांशचिन्हांचा मुलामा देतो.

४. एक-नोड मॉडेल घ्यावे की तीन-नोड?

दोन्ही डिस्प्लेसमेंट व्हेंटिलेशनसाठी आहेत, पण त्यांचा विचार वेगळा आहे.

मुंट मॉडेल धरते की जमिनीपासून छतापर्यंत तापमान सरळ रेषेत वाढते. छताची उष्णता प्रारणाने फरशीवर येते, फरशी लगतची हवा तापवते, आणि म्हणून पायाजवळची हवा सप्लायइतकी (आत सोडलेल्या हवेइतकी) थंड राहत नाही, हा त्याचा गाभा आहे. यासाठी नोड स्वतः मांडावे लागतात (इनलेट, फ्लोअर, कंट्रोल, सीलिंग, रिटर्न वगैरे) आणि जमिनीलगत किती उष्णता मिसळते याचा अंश द्यावा लागतो.

तीन-नोड मॉडेल झोनचे तीन भाग करते: फरशीलगतचा पातळ थर, माणसांचा थर आणि वरचा मिसळलेला गरम थर. माणसे, संगणक यांच्यावरून उठणारे गरम हवेचे स्तंभ, ज्यांना प्लूम म्हणतात, खालची हवा ओढून वर नेतात. ज्या उंचीवर सर्व प्लूम मिळून सप्लायइतकीच हवा वाहून नेतात, तेथे वरचा गरम थर सुरू होतो. प्लूमचा हा सिद्धांत मॉर्टन, टेलर आणि टर्नर यांनी १९५६ मध्ये मांडला.

उष्णता माणसे व यंत्रे अशा ठळक स्रोतांतून येत असेल, म्हणजे सभागृह, वर्ग किंवा कार्यालय असेल, तर मी तीन-नोड निवडतो. भिंती, काच आणि दिवे यांचाच भार मोठा असेल, तर प्लूमची कल्पना लंगडी पडते आणि मुंट अधिक समजूतदार ठरते.

५. ‘माणसामागे प्लूमची संख्या’ या रकान्यात काय भरावे? बहुतेक जण १ ठेवतात, ते चालते का?

हा रकाना सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे आणि निकाल सर्वांत जास्त तोच हलवतो. म्हणून याचे गणित सविस्तर देतो.

एका प्लूममधील हवेचा प्रवाह साधारण असा काढतात: ०.००५ × (संवहनी उष्णता वॅटमध्ये)^(१/३) × (स्रोतापासूनची उंची मीटरमध्ये)^(५/३), उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. आता एक सभागृह घ्या. सप्लाय ०.५ घनमीटर प्रतिसेकंद आहे आणि प्लूममधून जाणारी एकूण उष्णता २,४०० वॅट आहे.

ही उष्णता ४० माणसांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६० वॅट आणि ०.०१२५ घनमीटर प्रवाह येतो. समीकरण उलटे सोडवले की स्रोतापासून सुमारे ०.७६ मीटरवर गरम थर सुरू होतो. तीच उष्णता २० स्रोतांत वाटली, तर थर सुमारे १.०१ मीटरवर जातो. आणि सारी २,४०० वॅट उष्णता एकाच स्तंभात धरली, तर थर ३.३४ मीटरवर जाऊन बसतो. इमारत तीच, भार तोच, हवा तीच. एका आकड्यामुळे बसलेल्या माणसाचे डोके गरम थरात आहे की थंड, हे उलटते. गरम थराची उंची प्लूमच्या संख्येच्या २/५ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हे लक्षात ठेवले की चूक हातासरशी कळते.

रकान्यातला १ म्हणजे दालनात एक नव्हे, माणसामागे एक प्लूम; म्हणून तो १, माणसांची संख्या आणि त्यांच्या उपस्थितीचे वेळापत्रक, एवढे तरी भरावेच. टेबलावरचा संगणक आणि समोरचा माणूस इतके जवळ असतात की त्यांचे स्तंभ वर जाऊन एकच होतात, त्यांना दोन मोजू नये.

६. निकाल हाताने तपासण्याचा एखादा सोपा मार्ग आहे का? ‘५० टक्क्यांचा नियम’ वापरावा का?

मार्ग आहे, आणि प्रत्येक मॉडेलवर तो वापरावा. नियम असा, की सप्लायपासून रिटर्नपर्यंत (खोलीतून परत जाणाऱ्या हवेपर्यंत) तापमान जेवढे वाढते, त्याच्या निम्मी वाढ फरशीपाशीच होते. १०० चौरस मीटर, ४.५ मीटर उंच, एकूण भार ६ किलोवॅट, सप्लाय १८ अंश आणि प्रवाह ०.५ घनमीटर प्रतिसेकंद घ्या. हवेची वाढ सुमारे १० अंश, म्हणजे रिटर्न २८. नियमाप्रमाणे पायाजवळ २३ अंश, पुढे मीटरमागे साधारण १.१ अंश वाढ, आणि १.१ मीटरवर, म्हणजे बसलेल्याच्या डोक्यापाशी, २४.२ अंश.

मात्र हा नियम कमी प्रवाहाकडे झुकलेला आहे. मुंट यांचे सूत्र प्रवाहही पाहते. फरशीचे संवहन आणि छताकडून येणारे प्रारण या दोहोंचे गुणांक ५ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरले, तर वरच्या उदाहरणात फरशीपाशीची वाढ निम्मी न येता सुमारे २९ टक्के येते, म्हणजे पायाजवळ २०.९ अंश. प्रवाह निम्मा केला की तोच अंश ४५ टक्क्यांपर्यंत जातो आणि नियमाशी जुळू लागतो. तेव्हा एनर्जीप्लसचा आकडा हाताच्या आकड्यापेक्षा एक-दोन अंश खाली आला, तर घाबरू नये. पाच अंश खाली आला, तर नोडची उंची आणि फरशीलगतच्या उष्णतेचा अंश पुन्हा पाहावा.

७. उंच अट्रियम आडवे कापून एकावर एक झोन रचले तर चालेल का?

चालते, आणि बऱ्याचदा तोच व्यवहार्य मार्ग असतो. पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट प्रारणाची. झोनमध्ये कल्पित फरशी टाकली आणि तिला साधे बांधकाम दिले, तर वरचे ऊन खालपर्यंत पोहोचत नाही आणि तापलेले छत खालच्या फरशीला ‘दिसत’ नाही. प्रश्न ४ मध्ये सांगितलेली थरांची मूळ यंत्रणाच तुटते. त्यासाठी ‘एअर बाउंड्री’ प्रकारचे बांधकाम वापरावे. त्यामुळे ऊन आणि प्रारण यांच्यासाठी सर्व थर मिळून एकच बंदिस्त जागा धरली जाते आणि हवेचे समीकरण मात्र प्रत्येक थराचे वेगळे राहते.

दुसरी गोष्ट मिश्रणाची, ती प्रश्न ८ मध्ये पाहावी. तिसरी गोष्ट रिटर्न हवेची. सप्लाय खाली आणि रिटर्न छतात असेल, तर खालची हवा वरच्या थरातून जाताना तेथील उष्णता उचलते. हे दाखवण्याचा सर्वांत नीटस उपाय म्हणजे वरच्या झोनलाच ‘रिटर्न प्लेनम’ (परतीची हवा जिच्यातून जाते ती पोकळी) करणे. तो झोन वातानुकूलित नसतो, पण खालच्या झोनची रिटर्न हवा त्यातून जाते आणि तेथील दिव्यांचा, छताचा भार घेऊन कॉइलकडे (हवा थंड करणाऱ्या नळ्यांकडे) परतते. भार नाहीसा होत नाही, खोलीतून कॉइलकडे सरकतो. काही मॉडेलांत वरच्या थरातील उष्णता कोठेच जात नाही आणि तीच ‘बचत’ म्हणून छापली जाते. ग्राहकाला तो आकडा देण्याआधी उष्णतेचा जमाखर्च जुळवणे हे मी अभियंत्याचे कर्तव्य मानतो.

थर किती करावेत? माणसांचा एक, छताखालचा एक आणि मधला गरजेनुसार. दहा थर केल्याने अचूकता वाढत नाही, फक्त अंदाजाने भरायचे आकडे वाढतात.

८. वरच्या झोनचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. कोठे चुकते आहे?

बहुधा थरांमध्ये हवेची देवाणघेवाण शून्य आहे, किंवा ती एकाच दिशेने आहे. येथे एक बारकावा अनेकांना माहीत नसतो: ‘झोन मिक्सिंग’ फक्त हवा घेणाऱ्या झोनच्या समीकरणात धरले जाते, देणाऱ्या झोनवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. दुतर्फा देवाणघेवाणीसाठी ‘झोन क्रॉस मिक्सिंग’ वापरावे.

तेथेही तापमानफरकाचा रकाना काळजीने भरावा. तो ० ठेवला, तर थर स्थिर असो वा नसो, मिश्रण अखंड चालू राहते आणि थर पुसले जातात. वर गरम व खाली थंड असेल तेव्हा निसर्गतः मिश्रण कमी असते, आणि वरची हवा थंड झाली की ती खाली कोसळते. रात्री काचेचे छत थंड होते तेव्हा नेमके हेच घडते. म्हणून खालचा झोन वरच्यापेक्षा गरम झाला तरच मोठे मिश्रण सुरू व्हावे, अशा बेताने स्रोत झोन आणि फरक निवडावा, आणि स्थिर अवस्थेसाठी अल्प मिश्रण वेगळे द्यावे. हे सारे भौतिकीवर सोपवायचे असेल, तर एअरफ्लो नेटवर्कमधील आडव्या उघड्या भागाचा घटक वापरता येतो, मात्र त्याला वेळ आणि धीर दोन्ही लागतात.

तरीही पत्र्याच्या छताखाली ४५–५० अंश दिसले, तर ती चूक असेलच असे नाही. वैशाखात नागपूरच्या एखाद्या शेडमध्ये शिडीवर चढून पत्र्याजवळ हात नेऊन पाहावा.

९. थर्मोस्टॅट कोणत्या उंचीवर धरावा?

जेथे प्रत्यक्षात बसवला आहे तेथे. तीन-नोड मॉडेलमध्ये त्याची उंची आणि सुखकारकतेची उंची असे दोन रकाने आहेत, दोन्हींचे मूळ मूल्य १.१ मीटर आहे. प्रत्यक्ष भिंतीवर तो बहुधा दीड मीटरवर असतो, आणि मीटरमागे दीड अंशाचा उतार असेल तर एवढ्या फरकाने खोली अर्ध्या अंशाहून अधिक थंड ठेवली जाते.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात नियंत्रण रिटर्न डक्टमधील सेन्सरवर होते आणि मी मॉडेलमध्ये ते १.१ मीटरवर धरले. कागदावर सारे सुरेख दिसले. प्रत्यक्षात यंत्रणा छताखालची गरम हवा २४ अंशांवर आणण्याचा प्रयत्न करत होती आणि खालची माणसे कुडकुडत होती. तेव्हापासून नियंत्रणाचा नकाशा हाती आल्याशिवाय मी हा रकाना भरत नाही.

१०. फरशीखालून हवा देणाऱ्या यंत्रणेसाठी वेगळे काय करावे लागते?

दोन गोष्टी. एक म्हणजे डिफ्यूजर. या मॉडेलमध्ये डिफ्यूजरचा प्रकार, संख्या आणि हवा बाहेर पडण्याचा कोन यांवरून हवेचा जोर आणि उष्णतेची उचल यांचे गुणोत्तर काढले जाते आणि त्यावरून थर ठरतो. घुमाव देणारे डिफ्यूजर कमी असले तर प्रत्येकातून हवा जोराने उसळते आणि थर मोडतात. म्हणून संख्या आराखड्यातूनच मोजून घ्यावी.

दुसरी गोष्ट फरशीखालचा प्लेनम. तो स्वतंत्र झोन म्हणून ‘सप्लाय प्लेनम’ करावाच. खालच्या मजल्याच्या छताची गरमी स्लॅबमधून आणि वरच्या खोलीची गरमी फरशीच्या पाट्यांमधून या प्लेनममध्ये झिरपते. एअर हँडलरमधून (हवा थंड करून पाठवणाऱ्या यंत्रातून) निघालेली हवा दूरच्या डिफ्यूजरपर्यंत पोहोचेतो लक्षणीय तापलेली असते. प्लेनम वगळला, तर खोलीचा भार जास्त आणि सप्लाय हवा गरजेपेक्षा थंड दिसते.

११. खोलीत छताचे पंखे आहेत. तरीही थर धरावेत का?

नाही. पंखा चालू असताना खोली मिश्रच असते, आणि तेथे ‘मिक्सिंग’ हेच खरे मॉडेल आहे. आपल्याकडे डिस्प्लेसमेंटची रचना करून नंतर सवयीने पंखे लावले जातात. तसे ठरले असेल, तर थरांच्या बचतीवर पाणी सोडावे आणि पंख्यामुळे थर्मोस्टॅट एक-दोन अंश वर ठेवता येतो, तो लाभ मोजावा.

१२. मुंबईसारख्या दमट हवेत १८ अंशांचा सप्लाय मॉडेलमध्ये छान दिसतो. प्रत्यक्षात चालेल का?

जसाच्या तसा चालणार नाही. पावसाळ्यात मुंबईच्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. ती हवा कॉइलवर नुसती १८ अंशांपर्यंत थंड केली, तर ती १८ अंशांच्या दवबिंदूसह, म्हणजे जवळजवळ संपृक्त अवस्थेत, खोलीत येते. ओलावा काढायचा तर हवा १२–१३ अंशांपर्यंत न्यावीच लागते आणि मग रिटर्न हवेचा काही भाग कॉइलला वळसा घालून तिच्यात मिसळावा लागतो, किंवा ताज्या हवेसाठी ओलावा काढणारी वेगळी यंत्रणा द्यावी लागते. मॉडेलमध्ये यांपैकी काहीच नसेल आणि चिलरची बचत मात्र १८ अंशांच्या आधारे दाखवली असेल, तर तो आकडा खोटा आहे.

याला जोडून एक मर्यादा: एक-नोड आणि तीन-नोड मॉडेल तापमानाचे थर देतात, आर्द्रता मात्र सगळ्या झोनची एकच राहते. पुण्याच्या कोरड्या महिन्यांत हे फारसे अडत नाही, किनारपट्टीवर अडते. मुंबई, पुणे, नागपूर यांच्या इश्रे या भारतीय वातानुकूलन-अभियंत्यांच्या संस्थेच्या हवामान-फाइल एनर्जीप्लससाठी उपलब्ध आहेत, तुलना करून पाहावी.

१३. परदेशी प्रकल्पासाठी हिवाळ्यातील हीटिंगही आहे. तीच मॉडेले चालतील का?

पुण्यात बसून अमेरिका–युरोपच्या इमारतींचे मॉडेल करणाऱ्यांकडून हा प्रश्न नेमाने येतो. डिस्प्लेसमेंटची मॉडेले थंड हवेसाठी आहेत. जमिनीलगत गरम हवा सोडली तर ती तडक वर जाते, थर तयार होण्याची अटच मोडते आणि अशा वेळी झोन मिश्र धरला जातो. छतातून गरम हवा देणाऱ्या खोलीत मात्र उलटी अडचण असते: गरम हवा वरच राहते आणि ताजी हवा माणसापर्यंत न पोहोचताच रिटर्नमध्ये जाते. अ‍ॅश्रे या अमेरिकी वातानुकूलन-अभियंत्यांच्या संस्थेच्या ६२.१ या ताज्या हवेच्या मानकात अशा रचनेला हवावितरणाचे गुणक ०.८ दिले आहे, ते याच कारणासाठी. हिवाळ्यासाठी वापरकर्त्याचा स्थिर उतार वेळापत्रकाने लावणे हा मी सुचवीन तो मार्ग आहे.

१४. ऑटोसाइझने (सॉफ्टवेअरने आपोआप ठरवून) दिलेला हवेचा प्रवाह घ्यावा का?

तपासल्याशिवाय घेऊ नये. आकार ठरवताना सॉफ्टवेअर तुमचे थर लक्षात घेते असे गृहीत धरू नये. प्रश्न ६ च्याच उदाहरणात खोली मिश्र धरून, १८ अंशांच्या सप्लायने २४ अंश राखायचे म्हटले, तर ०.८३ घनमीटर प्रतिसेकंद हवा लागते. थर धरल्यास ०.५ पुरते. उलट सप्लाय १३ अंश ठेवून मिश्र खोली केली, तर ०.४५ मध्येच भागते.

या तीन आकड्यांत एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. डिस्प्लेसमेंटने पंख्याची वीज आपोआप वाचत नाही, कारण छतातून थंड हवा देणाऱ्या यंत्रणेइतकीच, किंवा थोडी अधिक, हवा तिला लागते. लाभ होतो तो चिलर अधिक उष्ण पाण्यावर चालवता येण्यात आणि बाहेरची हवा अधिक तास थेट वापरता येण्यात. दुसरा लाभ थंड, कोरड्या प्रदेशात मोठा असतो आणि मुंबईत नगण्य. डिझाइन सप्लाय तापमान आणि प्रवाह दोन्ही हाताने भरावेत.

१५. आमच्याकडे एनर्जीप्लस नाही. इतर सॉफ्टवेअरमध्ये हे कसे करावे?

ट्रान्सिसच्या टाइप ५६ मध्ये, १७ व्या आवृत्तीपासून, एकाच झोनमध्ये अनेक हवेचे नोड ठेवता येतात, त्यामुळे प्रारण अखंड राहते. आयईएसमध्ये झोन एकावर एक रचून त्यातील मॅक्रोफ्लो या भागाने हवा वाहवतात, तेथे प्रश्न ७ मधील प्रारणाची सूचना लागू पडते. ईक्वेस्टमध्ये थरांचे मॉडेल नाही. तेथे भाराचा वरचा हिस्सा प्लेनमकडे किंवा रिटर्न हवेकडे वळवण्याची पद्धत आहे, आणि तो हिस्सा किती धरला व का, हे अहवालात लिहिणे भाग आहे.

१६. लीड या हरित-इमारत मानांकनासाठी ९०.१ या ऊर्जा-मानकाच्या परिशिष्ट जी प्रमाणे मॉडेल करत आहोत. बेसलाइनलाही (तुलनेसाठीच्या प्रमाण इमारतीलाही) थर द्यावेत का?

नाही. बेसलाइन ही मिश्र खोली असते आणि तिचा प्रवाह सप्लाय व खोली यांच्यातील सुमारे ११ अंशांच्या फरकावरून ठरतो. ताज्या हवेच्या बाबतीत एक सवलत आहे: प्रस्तावित इमारतीचे हवावितरण-गुणक १ पेक्षा जास्त असेल, जसे योग्य डिस्प्लेसमेंटसाठी १.२ धरले जात आले आहे, तर बेसलाइनची ताजी हवा तेच गुणक १ धरून काढता येते. म्हणजे ताजी हवा कमी लागल्याचे श्रेय मिळते. ६२.१ च्या नव्या आवृत्त्यांत या गुणकांचे तक्ते बदलले आहेत, म्हणून प्रकल्पाला लागू असलेली आवृत्तीच उघडावी.

१७. सीएफडी कधी करावे?

थराची उंची हाच निर्णयाचा मुद्दा असेल तेव्हा, आणि एक-दोन ठरावीक क्षणांसाठीच: उदाहरणार्थ मे महिन्यातील दुपारचे तीन, दालन भरलेले. त्यातून मिळालेला तापमानाचा उतार प्रश्न ३ मधील आकृतिबंधात भरून वर्षभराचे अनुकरण चालवावे. सीएफडीला भिंतींची तापमाने एनर्जीप्लसमधून द्यावीत, सर्व भिंती उष्णतारोधी धरू नयेत. तसे केल्यास छताकडून फरशीकडे येणारे प्रारण पुन्हा गायब होते.

१८. सुखकारकतेचा अहवाल कसा वाचावा?

अ‍ॅश्रे ५५ प्रमाणे बसलेल्या माणसाच्या घोट्याजवळचे (०.१ मीटर) आणि डोक्याजवळचे (१.१ मीटर) तापमान यांत ३ अंशांहून अधिक फरक नसावा. आयएसओ ७७३० मध्ये हीच मर्यादा वर्गानुसार २, ३ किंवा ४ अंश आहे. झोनचे सरासरी तापमान पाहून हे कळत नाही, कारण त्यात छताखालची हवाही धरलेली असते. माणसांच्या थराचे तापमान स्वतंत्र आउटपुट म्हणून मागवावे. तीन-नोड मॉडेलमध्ये खोली मिश्र आहे की थरबद्ध हे सांगणारे आउटपुटही मिळते. ते दिवसभर ‘मिश्र’च दाखवत असेल, तर तुम्ही थरांचे मॉडेल निवडले असले तरी ते चाललेलेच नाही. अशा वेळी प्रथम सप्लाय खोलीपेक्षा थंड आहे का, आणि माणसांच्या उपस्थितीचे वेळापत्रक शून्य तर नाही ना, हे पाहावे.

१९. इमारत उभी आहे. मॉडेल प्रत्यक्षाशी कसे ताडून पाहावे?

सुतळीला ०.१, ०.६, १.१ आणि १.७ मीटरवर, आणि पुढे दर दोन मीटरला, तापमान नोंदवणारे छोटे लॉगर बांधावेत आणि ती सुतळी कॅटवॉकवरून किंवा छताच्या आकड्यावरून सोडावी. प्रत्येक लॉगरभोवती चकचकीत फॉइलची दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी ठेवावी. नाहीतर तो हवेऐवजी ऊन आणि तापलेले छत मोजतो, आणि वरच्या थरात दोन-तीन अंशांची चूक सहज होते. सुतळी डिफ्यूजरच्या तोंडाशी किंवा काचेलगत नसावी. दालन भरलेले असतानाचा एक दिवस आणि रिकामे असतानाचा एक दिवस, दोन्ही लागतात.

थर कोठे सुरू होतो हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर परवानगी घेऊन आणि धूरसूचक यंत्रणा सांभाळणाऱ्यांना कळवून, पंखे बंद असताना बसलेल्या माणसाशेजारी एक उदबत्ती लावावी. धुराची रेघ सरळ वर जाते, आणि गरम थराच्या तळाशी पोहोचली की थबकून आडवी पसरते. त्या पसरण्याची उंची टेपने मोजावी आणि प्रश्न ५ मधील गणिताशेजारी लिहावी. दोन आकड्यांत अर्ध्या मीटरहून अधिक तफावत असेल, तर बदल प्लूमच्या संख्येपासून सुरू करावा, तापमानाच्या उतारापासून नव्हे.